बिनभांडवली धंद्याचे भांडवल

काही शब्दांच्या नशिबी मोठे हाल येतात. 'दलाल' हा त्यांपैकीच एक. मूळ अरबी शब्दाच्या मुळाशी 'वाट दाखवणे' असा सोज्ज्वळ अर्थ आहे. पण मराठीत मुरता मुरता वाट दाखवणारा हा गृहस्थ वाट लावणारा ठरला! म्हणूनच की काय, आमच्या पुण्यात आता दलालाच्या पाटीवर 'दलाल' हा शब्द औषधालाही सापडत नाही. तिथे 'इस्टेट एजंट' असतो, नाहीतर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असतो. नाव बदलले तरी लोकांचा एक समज मात्र जागचा हललेला नाही. तो असा, की हा बिनभांडवली धंदा आहे. माल भरायला नको, गोदाम नको, कारागीर नकोत. एक दुचाकी, एक मोबाइल आणि जिभेवर साखर एवढे असले की झाले. एक फ्लॅट विकला की वर्षाची ददात मिटली!

वाचकहो, हा हिशेब जरा कागदावर मांडून पाहू.

प्रथम कायदा काय म्हणतो ते बघा. १८७२ सालच्या कराराच्या कायद्यात २१९ वे कलम आहे. वेगळा करार नसेल, तर काम पुरे झाल्याखेरीज एजंटाला मोबदला मागता येत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे वीस घरे दाखवली, एकोणीस नापसंत झाली आणि विसावे पसंत पडूनही गिऱ्हाइकाच्या आत्याने नाक मुरडले, तर एजंटाच्या पदरी पेट्रोलची पावती तेवढी उरते. शिक्षकाला तासाला विद्यार्थी आले नाहीत तरी पगार मिळतो. एजंटाचा पगार सौदा पुरा होईपर्यंत जन्मालाच येत नाही.

आता खर्च. २०१६ चा 'रेरा' कायदा आल्यापासून नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकायचे तर एजंटालाही नोंदणी हवी. महाराष्ट्रात एकट्या व्यक्तीला तिचे शुल्क १०,००० रुपये आणि मुदत पाच वर्षे. शिवाय 'महारेरा'ने प्रशिक्षण आणि परीक्षा लावली. १ जानेवारी २०२४ पासून तिच्या प्रमाणपत्रावाचून नवी नोंदणी नाही की जुनीचे नूतनीकरण नाही. नोंदणीवाचून धंदा केला तर दिवसाला १०,००० रुपये दंड, तो वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत! जुन्या इमारतींतली फेरविक्री आणि भाड्याची घरे या अटीबाहेर राहतात. म्हणून पुष्कळ नवशिके श्रीगणेशा भाड्याच्या घरांपासूनच करतात. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तो मात्र कुणाला चुकत नाही.

भाड्याच्या घराची दलाली आपल्या शहरांत साधारण एका महिन्याच्या भाड्याएवढी. समजा, १८,००० रुपये भाड्याचे दोन सौदे महिन्यात जमले. एकाचे १८,००० पुरते मिळाले. दुसऱ्यात घर दुसऱ्या एजंटाचे होते, तेव्हा निम्मे त्याचे, निम्मे आपले. एकूण २७,०००. आता वजा करा: पेट्रोल ४,०००, इंटरनेटवरच्या जाहिराती ३,०००, कुणाच्या तरी कचेरीत मांडलेल्या टेबलाचे भाडे ४,०००, फोन, छपाई आणि चहा मिळून २,०००. उरले १४,०००. आणि हा चांगला महिना हं! पहिले तीन-चार महिने तर ओळखी वाढवण्यातच जातात. शिवाय पितृपक्षात टोकन द्यायला कुणी धजत नाही, आणि दसरा-पाडव्याला सगळेच एजंट एकाच गिऱ्हाइकाच्या दारात उभे!

विक्रीचा सौदा मोठा खरा. साठ लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का धरला तरी ६०,००० होतात. पण गंमत पाहा, पुण्यात सरकारला सात टक्के म्हणजे ४,२०,००० रुपये मुद्रांक शुल्क निमूटपणे मोजणारा गृहस्थ एजंटाच्या ६०,००० वर मात्र मंडईतल्या कोथिंबिरीसारखी घासाघीस करतो, आणि ४०,००० वर तडजोड होते. तेही हाती केव्हा? टोकन, करारनामा, बँकेचे कर्ज, नोंदणी ही सगळी वरात पुढे सरकायला दोन-तीन महिने सहज लागतात. कर्ज नामंजूर झाले की वरात परत फिरते. बिल्डरचे घर विकले तर टक्का अधिक मिळतो. पण बिल येते गिऱ्हाइकाचे हप्ते बिल्डरकडे पोचल्यावर, आणि त्यातूनही दोन टक्के कर आधीच कापून. तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतो. पण किराणावाला विवरणपत्रावर उधारी देत नाही!

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी सल्ला घ्यायला आला. बी. ए. झालेला, एका दुकानात महिना २२,००० वर नोकरी, घरी आई, बायको आणि लहानगी मुलगी. "सर, नोकरी सोडतो. आई पाटल्या मोडायला तयार आहे," म्हणाला. त्याला मी वरचाच हिशेब मांडायला लावला. घरखर्च २५,०००, धंद्याचा खर्च १३,०००, मिळून महिन्याचे ३८,०००. चार महिने काहीच आले नाही तर १,५२,०००. नोंदणी, परीक्षा आणि व्यवसाय कर धरून हिशेब पावणेदोन लाखांच्या घरात गेला. तो बराच वेळ आकड्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे सर, हा बिनभांडवली धंदा नाही."

"नाही रे. फक्त याचे भांडवल फळीवर मांडलेले दिसत नाही."

त्याने नोकरी सोडली नाही, आणि बेतही सोडला नाही. शनिवार-रविवार तो एका जुन्या एजंटाच्या हाताखाली घरे दाखवू लागला. दलालीचा तिसरा हिस्सा त्याचा. पाटल्या आईच्या हातातच राहिल्या. आठ महिन्यांनी भेटला तेव्हा त्याने सांगितलेली हकीकत मला फार मोलाची वाटते. एक शिक्षिकाबाई आयुष्याची पुंजी घालून फ्लॅट घेत होत्या. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हते. त्याने ते त्यांना सांगितले, आणि सौदा मोडला. त्याच्या हिश्श्याचे तेरा-चौदा हजार गेले.

"सर, महिन्याचा पगार ठरलेला होता म्हणून तोंड उघडलं," तो म्हणाला. "घरात दाणा नसता तर उघडलं असतं की नाही, सांगता येत नाही."

मला वाटते, या धंद्याचे सगळे अर्थशास्त्र त्या एका वाक्यात आहे. घराचे दोष ज्याला आधी कळतात तो एजंट. आणि ते बोलून दाखवायला त्याला सहा महिन्यांची शिधासामग्री लागते. उपाशी एजंट लबाड असतोच असे नाही. पण खरे बोलणे त्याला परवडत नाही, आणि त्याची किंमत अखेर घर घेणाराच मोजतो.

तेव्हा या धंद्यात शिरू पाहणाऱ्या तरुणांना सांगणे इतकेच: आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाका, दागिन्यांना हात लावू नका, दलालीचा आकडा पहिल्याच भेटीत लेखी ठरवा, आणि दुसऱ्याचे टोकन स्वतःच्या खात्यात एक दिवसही ठेवू नका, रिकाम्या खिशाला त्या पैशाचा मोह फार लवकर पडतो. आणि या दिवाळीत नव्या घराचे स्वप्न पाहणाऱ्या वाचकांना एक विनंती. ज्याने तुम्हांला एखादे घर घेऊ नका म्हणून सांगितले, त्याचा फोन नंबर जपून ठेवा. पुढचे घर त्याच्याकडूनच घ्या, आणि ठरलेली दलाली नोंदणीच्या दिवशीच, घासाघीस न करता, त्याच्या हातावर ठेवा.