‘आंत्रप्रेन्योर’ : शब्दाचा उगम आणि अर्थ

प्रस्तावना

‘आंत्रप्रेन्योर म्हणजे जोखीम पत्करून उद्योग करणारी व्यक्ती’ अशी व्याख्या तुम्ही वाचली असेल. मराठीत यासाठी आपण ‘उद्योजक’ म्हणतो. मात्र या इंग्रजी शब्दाच्या मूळ अर्थात जोखमीचा उल्लेख नाही. मग ती त्यात आली कशी, हे या घटकात पाहू.

व्युत्पत्ती

इंग्रजीने हा शब्द फ्रेंच भाषेतून घेतला. ‘आंत्रप्रांद्र’ या फ्रेंच क्रियापदाचा अर्थ ‘काम अंगावर घेणे’ असा आहे. त्याचे दोन घटक लॅटिनमधून आले आहेत : ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘प्रेहेंदेरे’ म्हणजे पकडणे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये रस्ते, पूल, बंदरे, तटबंदी अशी सरकारी कामे घेणाऱ्या कंत्राटदारांना हे नाव होते. कामाची रक्कम आधीच ठरे. खर्च कमी आला तर नफा कंत्राटदाराचा, वाढला तर तोटाही त्याचाच. जोखमीचे बीज या व्यवहारात होते.

कॅन्टिलन यांची व्याख्या

या शब्दाला अर्थशास्त्रीय अर्थ दिला तो रिचर्ड कॅन्टिलन यांनी. व्यापाराच्या स्वरूपावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी कमावणाऱ्यांचे दोन गट केले : ज्यांची मिळकत ठरलेली आहे ते आणि ज्यांची ठरलेली नाही ते. पगारी सेनापती आणि घरगडी दोघेही पहिल्या गटात येतात. दुसरा गट आंत्रप्रेन्योरांचा. ठरलेला खंड भरून जमीन कसणारा शेतकरी त्यात येतो, कारण पीक किती येईल आणि काय भाव मिळेल हे त्याला आधी कळत नाही. खेड्यातून ठरलेल्या भावाने माल घेऊन शहरात मिळेल त्या भावाने विकणारा व्यापारीही त्यात येतो. भिकारी आणि चोर यांनाही कॅन्टिलन यांनी याच गटात बसवले.

आता ही कसोटी तुमच्या गावात लावून पाहा. पहाटे घाऊक बाजारातून रोख पैसे देऊन भाजी आणणारी हातगाडीवाली संध्याकाळपर्यंत किती विक्री होईल हे सांगू शकत नाही. कॅन्टिलन यांच्या अर्थाने ती उद्योजक आहे. मोठ्या कंपनीतला केवळ ठरलेला पगार घेणारा अधिकारी मात्र नाही.

इंग्रजीची अडचण

‘अंडरटेकर’ हा इंग्रजी शब्द रचनेने फ्रेंच शब्दाचा जुळा भाऊच. ॲडम स्मिथ यांनी तो वापरला. पण सामान्य व्यवहारात त्याचा अर्थ ‘अंत्यविधीची व्यवस्था करणारा’ असा रूढ होत गेला. उद्योग चालवणाऱ्यासाठी तो इंग्रजी कानाला परिचित नाही, अशी खंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ मध्ये व्यक्त केली. पुढे इंग्रजीने फ्रेंच शब्दच स्वीकारला.

अर्थाविषयी मतभेद

जे. बी. से यांनी १८०३ मध्ये जमीन, श्रम व भांडवल एकत्र आणण्याच्या कार्यावर भर दिला. जोसेफ शुंपीटर यांच्या मते नवप्रवर्तन करणारा तो उद्योजक. पैसा बुडण्याची जोखीम तर भांडवल देणाऱ्याची असते.

फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम व अनिश्चितता यांत भेद केला. जिची संभाव्यता मोजता येते ती जोखीम. उदाहरणार्थ, गोदामाला आग लागणे. तिचा विमा उतरवता येतो. नव्या वस्तूला गिऱ्हाईक मिळेल की नाही, याचा विमा कोणी उतरवत नाही. ती अनिश्चितता होय, आणि उद्योजकाचा नफा ती पेलण्याबद्दल असतो.

सारांश

मूळ शब्द काम अंगावर घेण्याचा आहे. ‘उद्योजक’ या शब्दातही भर उद्योगावर, म्हणजे झटून काम करण्यावर आहे. जोखीम हा त्या कामाचा परिणाम आहे. म्हणून केवळ धोका पत्करणाऱ्या जुगाऱ्याला उद्योजक म्हणत नाहीत. उत्तर लिहिताना ‘जोखीम घेणारा’ एवढ्यावर थांबू नका. त्याने कोणते काम अंगावर घेतले आणि कोणती अनिश्चितता पेलली, हेही लिहा.

स्वाध्याय

१. कॅन्टिलन यांच्या कसोटीनुसार तुमच्या परिसरातील तीन व्यवसायांचे वर्गीकरण करा.
२. जोखीम व अनिश्चितता यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.