दिल्ली विमानतळ ते शहर: हिशेब भाड्याचा, त्याआधी टर्मिनलचा

दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरून शहरात स्वस्तात कसे पोचावे, हा प्रश्न वरवर तिकिटाच्या किमतीचा वाटत असला, तरी तो आधी टर्मिनलचा, म्हणजे विमान ज्या प्रवासी इमारतीला लागते तिचा, आणि मग उतरल्यावर जायचे कोठे याचा आहे. टर्मिनल ३ आणि त्याच्या शेजारचे टर्मिनल २ यांना एअरपोर्ट एक्स्प्रेस ही मेट्रोची नारिंगी मार्गिका जोडते. काही किलोमीटर दूर असलेले टर्मिनल १ मात्र जनकपुरीकडून नोएडाच्या बोटॅनिकल गार्डनपर्यंत जाणाऱ्या मॅजेंटा मार्गिकेवर येते. या दोन्ही मार्गिका विमानतळाच्या परिसरात एकमेकींना मिळत नसल्याने, तिकीट काढतानाच टर्मिनल कोणते हे पाहणारा प्रवासी अर्धा हिशेब तेथेच उरकतो.

एअरपोर्ट एक्स्प्रेस म्हणजे महागडी सेवा, हा समज अजूनही पुष्कळांच्या मनात आहे, आणि तो एके काळी खराही होता. नवी दिल्ली रेल्वे स्थानकापासून शिवाजी स्टेडियम, धौला कुआं, एरोसिटी आणि टर्मिनल ३ मार्गे द्वारकेकडे जाणारी ही मार्गिका २३ फेब्रुवारी २०११ रोजी खासगी भागीदारीत सुरू झाली, बांधकामातील दोषांमुळे जुलै २०१२ मध्ये बंद पडली, जानेवारी २०१३ मध्ये कमी वेगाने पुन्हा धावू लागली आणि त्याच वर्षाच्या मध्यास दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने ती आपल्याकडे घेतली. सप्टेंबर २०१५ मध्ये कॉर्पोरेशनने तिचे कमाल भाडे १०० रुपयांवरून ६० रुपयांवर आणले. याउलट शहरातील इतर मार्गिकांचे कमाल भाडे २०१७ पर्यंत ३० रुपये होते, ते त्या एकाच वर्षात दोन टप्प्यांत ६० रुपयांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ६४ रुपये झाले. एक्स्प्रेसच्या भाड्यात तेव्हा फार तर ५ रुपयांची भर पडली. अशा रीतीने जलद आणि साधी या दोन सेवांमधील किमतीची दरी जवळपास बुजली आहे. सप्टेंबर २०२३ पासून ही गाडी ताशी १२० किलोमीटर वेगाने धावू लागल्यामुळे टर्मिनल ३ ते नवी दिल्ली हे अंतर वीस मिनिटांच्या आत कापले जाते, आणि तेवढ्या पैशांत तेवढा वेळ वाचवणारे दुसरे साधन दिल्लीत नाही.

टर्मिनल १ वर उतरणाऱ्याचे गणित निराळे आहे. मे २०१८ मध्ये सुरू झालेल्या तेथील स्थानकावरून कनॉट प्लेसला, म्हणजे राजीव चौक स्थानकाला जाण्यासाठी हौज खासला मॅजेंटा मार्गिका सोडून पिवळी धरावी लागते. साध्या मार्गिकांचे भाडे अंतराच्या टप्प्यांनुसार ठरते: १२ ते २१ किलोमीटरला ४३ रुपये, २१ ते ३२ किलोमीटरला ५४ रुपये, असे. नोएडाला जाणाऱ्याचा लाभ सर्वांत मोठा, कारण त्याला बोटॅनिकल गार्डनपर्यंत गाडीही बदलावी लागत नाही आणि अंतर ३२ किलोमीटरच्या आत असल्याने ५४ रुपयांहून अधिक पडत नाही. रविवारी आणि राष्ट्रीय सुट्ट्यांना टप्प्यांचे दर आणखी उतरतात. स्मार्ट कार्ड, म्हणजे आगाऊ पैसे भरून ठेवण्याचे कार्ड वापरल्यास भाड्यात १० टक्के सूट मिळते, आणि गर्दी नसलेल्या वेळी, उदाहरणार्थ दुपारी १२ ते ५ या वेळेत, तितकीच आणखी सूट असते. परंतु वर्षातून एकदा दिल्लीला येणाऱ्याने या सुटीपायी कार्ड घ्यावे, असे काही नाही.

बचत निसटते ती जोडप्रवासात. एक्स्प्रेसची भाडेरचना स्वतंत्र असल्यामुळे नवी दिल्लीला उतरून पिवळ्या मार्गिकेने पुढे जाणाऱ्याला दोन्ही भाडी पडतात. म्हणून दक्षिण दिल्लीत, आयएनए किंवा लाजपतनगरकडे जाणाऱ्याने शेवटपर्यंत न जाता धौला कुआं येथे उतरून सरकत्या पट्ट्यांच्या लांबलचक पादचारी पुलावरून गुलाबी मार्गिकेचे दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस स्थानक गाठणे श्रेयस्कर; सामान जड असेल तर हा सल्ला अर्थातच सोडून द्यावा.

मराठी प्रवाशाचे मुक्काम बहुधा ठरलेले असतात. कस्तुरबा गांधी मार्गावरील नव्या महाराष्ट्र सदनासाठी शिवाजी स्टेडियमला उतरून ऑटो करणे सोपे, तर कोपर्निकस मार्गावरील जुन्या सदनाला मंडी हाउस हे स्थानक जवळचे. पहाडगंजला जाणाऱ्याने मात्र ध्यानात ठेवावे, की एक्स्प्रेसचे नवी दिल्ली स्थानक रेल्वेच्या अजमेरी गेट बाजूस आहे, पहाडगंज रुळांच्या पलीकडे आहे, आणि बॅगा घेऊन रुळांवरचा पूल ओलांडायचे टाळण्यासाठी केलेली रिक्षा वाचलेले पैसे परत घेऊन जाते.

टॅक्सीला सरसकट उधळपट्टी मानणेही चुकीचे आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली सरकारने अधिसूचित केलेल्या दरांनुसार वातानुकूलित टॅक्सीला पहिल्या किलोमीटरला ४० आणि पुढे दर किलोमीटरला २० रुपये पडतात. टर्मिनल ३ ते कनॉट प्लेस हे सुमारे १६ किलोमीटर धरल्यास साडेतीनशेच्या आसपास रक्कम होते, आणि रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत त्यावर २५ टक्के अधिभार लागतो. चौघांच्या कुटुंबाला एक्स्प्रेसचे अडीचशे रुपये आणि वर शेवटच्या टप्प्याची रिक्षा मोजल्यावर यात फारसा फरक उरत नाही. एकट्यादुकट्याने मेट्रो धरावी, चौघांनी दिवसा मीटरची टॅक्सी करावी, आणि रात्री उशिरा उतरणाऱ्याने शेवटची गाडी सापडेल की नाही हे आधीच पाहून ठेवावे, कारण एक्स्प्रेस रात्रभर चालत नाही.