फाशी द्यायचीच, तर हालहाल करून का नाही? कायदा काय सांगतो

एखाद्या भयंकर गुन्ह्याची बातमी आली की पारावर एकच सूर निघतो, "असल्याला हालहाल करून मारा!" राग साहजिक आहे. पण कायदा तसं करू देत नाही. का, ते समजून घ्या.

न्यायालय शिक्षा देतं ती मृत्यूची, छळाची नाही. 1983 मध्ये दीना खटल्यात सुप्रीम कोर्टाने फाशीची पद्धत वैध ठरवली. पण मरण झटपट यावं, छळ किंवा विटंबना होऊ नये, हेही बजावलं. म्हणूनच तुरुंगात आधी कैद्याचं वजन करतात आणि त्यावरून दोर किती सोडायचा ते ठरवतात. दोर कमी सोडला तर माणूस गुदमरत राहतो. 2003 मध्ये विधी आयोगाने विषारी इंजेक्शनचाही पर्याय सुचवला होता.

हाल फक्त दोराने होत नाहीत. दयेचा अर्ज विनाकारण वर्षानुवर्षं लटकवणं हाही छळच, असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये सांगितलं. अर्ज फेटाळल्यावरही फाशीआधी किमान 14 दिवस द्यावे लागतात.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडात हेच घडलं. दोघी बहिणींची फाशी 2006 मध्ये कायम झाली होती. पण दयेच्या अर्जावरच्या दिरंगाईमुळे मुंबई हायकोर्टाने 2022 मध्ये ती जन्मठेपेवर आणली.

फाईल टेबलावर पडून राहिली की कैदी रोज मरतो, आणि ज्यांची लेकरं गेली ते आईबापही न्यायाची वाट बघत बसतात.