बळी मोजणारे शास्त्र

सन २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच अहवाल सांगतो. रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा शेकडा २ च्या आसपास. पण मृत्यूंत त्यांचा व द्रुतगती मार्गांचा मिळून वाटा शेकडा ३६ हून अधिक! सारा दोष वाहनचालकाच्या माथी मारून शासनास मोकळे होता येणार नाही.

संशोधनाची उणीव आहे, असेही नाही. बॅ. मुकुंदराव जयकरांची समिती १९२७ साली नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ पासून कार्यरत आहे. महामार्गाच्या ज्या पाचशे मीटरांच्या टप्प्यात तीन वर्षांत प्राणघातक वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात घडतात, अथवा १० माणसे दगावतात, तो अपघातप्रवण मानावा, असा दंडकही ठरलेला आहे.

परंतु तोवर तो रस्ता निर्दोष, हा कोणता न्याय? बळी मोजून धोका ओळखणे हे शास्त्र खरे. पण ते उत्तरक्रियेचे शास्त्र होय. आराखड्यापासूनच सुरक्षा-तपासणी करण्याची पद्धत आज उपलब्ध आहे. तिचे निष्कर्ष लोकांसमोर ठेवावेत, आणि त्यांत दाखविलेले दोष दूर झाल्यावाचून कोणताही मार्ग वाहतुकीस खुला करू नये, अशी आमची मागणी आहे. उद्घाटनाची फीत चार महिने उशिरा कापली गेली, तर कोणाचेही प्राण जाणार नाहीत.