पडद्यावर पिवळा डाग? निळ्याला चटका बसलाय!

जुन्या प्रोजेक्टरवर पांढरी स्लाइड लावली की कधी कधी मधोमध पिवळट धब्बा दिसतो. लोक आधी पडदा पुसतात, मग लेन्स. दुखणं असतं आत, पोलरायझर नावाच्या इवल्याशा पातळ फिल्ममध्ये.

एलसीडी प्रोजेक्टर दिव्याचा प्रकाश तांबडा, हिरवा, निळा अशा तीन वाटांनी सोडतो. प्रत्येक वाटेवर एक पॅनेल आणि त्याच्या मागेपुढे पोलरायझर. तिघांत निळ्या प्रकाशाचे कण सर्वाधिक ऊर्जेचे, म्हणून सहसा निळ्या वाटेवरचीच फिल्म आधी करपते. निळा अडला की उरतात तांबडा आणि हिरवा. दोघं मिळून पिवळा! कधी फिल्म काळवंडत नाही, नुसती निकामी होते. मग निळा गळू लागतो आणि अंधाऱ्या दृश्यात निळसर डाग उमटतो.

आता खरी गंमत. पडदा काळाकुट्ट असतो तेव्हा प्रोजेक्टर विसावा घेत नसतो! दिवा आपोआप मंद होणारा नसेल, तर तो तेवढाच जळतो आणि बाहेर न पडलेला प्रकाश पॅनेलपुढच्या पोलरायझरला गिळावा लागतो. भुताच्या सिनेमातली रात्र या फिल्मला भर दुपारच्या क्रिकेट मॅचपेक्षा जास्त तापवते.

दिवाही साधासुधा नव्हे. फिलिप्सने 1995 मध्ये आणलेल्या यूएचपी दिव्यात पाऱ्याच्या वाफेचा दाब सुमारे 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दोनशेपट, आणि प्रकाशाची कमान जेमतेम 1 मिलिमीटरची. म्हणूनच बटण बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो. तेवढ्यात प्लग ओढू नका.

डीएलपी प्रोजेक्टरची तऱ्हा वेगळी. लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये शोधलेल्या त्याच्या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे बिजागरीवर झुलतात. आरसा तापलेला असताना फार वेळ एकाच बाजूला झुकून राहिला, तर बिजागरीला तोच बाक पडतो. आरसा अडकला की पडद्यावर हट्टी ठिपका.

लेन्स प्लास्टिकची असेल तर फोकस लगेच पक्का करू नका. प्लास्टिक काचेच्या साधारण दहापट प्रसरण पावतं. यंत्र तापू द्या, मग फिरवा.

बहुतेक प्रोजेक्टर 35 ते 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला पारा 45 पार जातो. तिथल्या डिजिटल वर्गात धुळीने बुजलेला फिल्टर म्हणजे पोलरायझरच्या जिवाशी खेळ. फिल्टर झाडणं फुकटात होतं. पॅनेलचा संच बदलायला निघालात तर नवा प्रोजेक्टर परवडला असं वाटतं.

आणि मध्येच चित्र लपवायला लेन्ससमोर वही धरायची सवय तर सोडाच. झोताने वही तापते, उष्णता लेन्सकडेही परतते. रिमोटवर ए/व्ही म्यूटचं बटण त्याचसाठी दिलेलं असतं.