उपचारापूर्वी विचारावयाचा एक प्रश्न

घरातील लहान मुलाला कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा दुकान, पेढी, येणी-देणी सारे बाजूला पडते. मूल वाचेल ना, एवढाच विचार मनात उरतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे, आणि तो उपचार सुरू होण्यापूर्वीच विचारावा लागतो : या उपचारांनंतर माझ्या मुलाला पुढे अपत्यप्राप्ती होऊ शकेल का?

हा प्रश्न निर्माण झाला, कारण मुले आता बरी होऊ लागली आहेत. प्रगत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अशा बऱ्या झालेल्या मुलांच्या पुढील आरोग्यासाठी १९९१ मध्ये स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. रोग गेला म्हणजे सर्व संपले असे नाही, ही जाणीव त्यामागे होती.

कर्करोगाची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, बुसल्फान यांसारखी औषधे मोठ्या मात्रेत दिल्यास बीजांडकोश व वृषण यांना इजा होते. ओटीपोटावरील किरणोपचार आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वीचे तीव्र उपचार यांतही हा धोका मोठा असतो. मुलगी जन्मतःच आपल्या आयुष्यभराची बीजांडे घेऊन येते. त्यांत नव्याने भर पडत नाही. मात्र प्रत्येक मुलाला हा धोका सारखा नसतो. रक्ताच्या कर्करोगाच्या अनेक मुलांना नेहमीच्या उपचारांत तो कमी असतो. म्हणून घाबरून न जाता डॉक्टरांना नेमके विचारावे.

वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू गोठवून ठेवणे सर्वांत सोपे. त्यास एक-दोन दिवस पुरतात. वयात आलेल्या मुलीची बीजांडे गोठवता येतात, पण त्यासाठी सुमारे दोन आठवडे औषधे घ्यावी लागतात आणि आजार कधी कधी तेवढा अवधी देत नाही. पाळी न आलेल्या मुलीच्या बाबतीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने बीजांडकोशाचा भाग काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला जतन करतात. मोठेपणी तो शरीरात पुन्हा बसवता येतो. पाळी येण्यापूर्वी काढलेल्या अशा ऊतीपासून अपत्यजन्म झाल्याचे बेल्जियममधील डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. रक्ताच्या कर्करोगात मात्र त्या ऊतीबरोबर रोगपेशी परत येण्याची भीती असते, म्हणून तेथे विशेष दक्षता घ्यावी लागते. वयात न आलेल्या मुलग्यांसाठीची पद्धत अद्याप संशोधनाच्या अवस्थेत आहे. किरणोपचारापूर्वी बीजांडकोश शस्त्रक्रियेने बाजूला सरकवणे किंवा वृषणांवर शिशाचे आवरण ठेवणे, हे उपायही काही रुग्णांत उपयोगी पडतात.

आपल्या घरांत अहिंसेच्या दृष्टीने एक शंका येणे साहजिक आहे. मुलांच्या बाबतीत भ्रूण तयार करून गोठवण्याचा प्रश्नच येत नाही. जतन होतात ती केवळ मुलाची स्वतःची बीजे किंवा ऊती. तरीही मनात किंतु असल्यास तो आपल्या गुरूंपुढे मोकळेपणाने मांडावा. मात्र त्यासाठी उपचार लांबवू नयेत.

२०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे. दात्याची बीजे व भ्रूण यांच्या साठवणीला त्यात दहा वर्षांची मर्यादा आहे. आठ वर्षांच्या मुलीला मात्र वीस वर्षांची साठवण लागू शकते. म्हणून आपल्या मुलाच्या बाबतीत मुदत किती, वार्षिक शुल्क किती आणि संमती कोणाची, हे केंद्राकडून लेखी घ्यावे. व्यवहारात आपण चिठ्ठीशिवाय माल देत नाही. येथेही तोच नियम पाळावा.

सर्वांत कठीण अडसर मौनाचा आहे. ‘मुलीचे लग्न कसे जमेल?’ या भीतीने आजारच दडवला जातो, मग हा प्रश्न डॉक्टरांपुढे यायचा कसा? बऱ्या झालेल्या रुग्णांच्या अपत्यांत जन्मजात दोषांचे प्रमाण सर्वसाधारणपणे अधिक आढळत नाही. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमासारखे काही आनुवंशिक कर्करोग अपवाद आहेत व त्यांत समुपदेशन घ्यावे. मूल समजत्या वयाचे झाले की त्याला सर्व सांगावे आणि उपचारांची कागदपत्रे त्याच्या हाती द्यावीत. तो त्याचा अधिकार आहे.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीसारख्या ठिकाणी कर्करोगाची सेवा अनेक वर्षे चालू आहे. परंतु ऊती जतन करण्यासारख्या सोयींसाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते, आणि हाताशी दिवस मोजकेच असतात. येथे समाजाने पुढे यावे. चार दानांत औषधदानाचे स्थान आपण जाणतोच. शेठ सखाराम नेमचंद जैन औषधालय ही या शहरातील त्याच परंपरेची खूण. अशा कुटुंबांच्या प्रवासाला, मुंबईतील मुक्कामाला आणि साठवणीच्या शुल्काला हातभार लावणारा एखादा निधी आपल्या मंदिरांच्या विश्वस्तांनी उभारला, तर त्या परंपरेत कालोचित भर पडेल. पैशाअभावी किंवा संकोचापोटी हा प्रश्न विचारावयाचा राहून जाऊ नये, इतके तरी आपल्या हाती आहे.