सरकारची उधारी आणि कारागिराची रोजी

राज्याच्या अर्थसंकल्पाची बातमी आली की आमचे पुष्कळ व्यापारी बांधव पान उलटतात. लाखो कोटींचे आकडे, महसुली तूट, राजकोषीय तूट, या गोष्टींचा आपल्या गल्ल्याशी काय संबंध, असे त्यांना वाटते. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला की पहिली झळ मंत्रालयाला लागत नाही. ती फॅब्रिकेशनच्या शेडला, सुताराच्या रंध्याला आणि हार्डवेअरच्या दुकानातील उधारीच्या वहीला लागते.

आपल्या महाराष्ट्राचेच पाहू. १० मार्च २०२५ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी रुपये आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी रुपये, म्हणजे रोजच्या खर्चातच ४५ हजार ८९१ कोटींची तूट. मार्च २०२६ अखेर राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाईल, असा अंदाज त्या वेळी दिला गेला. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबीच महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग खातात. हा खर्च टाळता येत नाही.

त्यावर २०२४ च्या निवडणूक वर्षात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. दरमहा १५०० रुपये, लाभार्थी दोन कोटींहून अधिक. २०२५-२६ साठी या एका योजनेला ३६ हजार कोटी रुपये ठेवावे लागले. या योजनेला आम्ही नावे ठेवणार नाही. गरीब घरातील बाईच्या हाती आलेला पैसा बाजारातच येतो. आमच्या कापडवाल्यांच्या, बांगडीवाल्यांच्या आणि किराणावाल्यांच्या दुकानांतच तो खर्च होतो. प्रश्न इतकाच की उत्पन्न तेवढेच राहिले तर एका खिशात घातलेला पैसा दुसऱ्या खिशातून काढावा लागतो. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडे वळवला, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. सणासुदीला शंभर रुपयांत मिळणारा ‘आनंदाचा शिधा’ही २०२५ मध्ये बंद पडला.

मग राज्याचे दिवाळे निघाले आहे काय? तसे नाही. कागदावर राजकोषीय तूट राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेतच दाखविली आहे. खरी मेख इथेच आहे. सरकारचा हिशेब रोखीचा असतो. पैसे दिले तर खर्च पडला. बिल तसेच टेबलावर राहिले तर त्या वर्षीच्या हिशेबात खर्च नाही आणि कर्जातही त्याची गणना नाही. रस्ता तयार झाला, शाळेच्या खिडक्या बसल्या, मोजमाप पुस्तकात नोंद झाली, पण ‘निधी उपलब्ध नाही’. म्हणजे सरकारने कंत्राटदाराकडून कर्ज घेतले, तेही मुदत न ठरवता. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटदार संघटनांनी कामबंद आंदोलन पुकारले. निरनिराळ्या खात्यांकडे मिळून सुमारे ८९ हजार कोटी रुपये थकले आहेत, असा त्यांचा दावा होता.

मोठा कंत्राटदार बँकेच्या दारात उभा राहू शकतो. तो ग्रिलवाल्याला सांगतो, ‘बिल निघाले की देतो’. ग्रिलवाला लोखंडवाल्याला तेच सांगतो. रंगारी, प्लंबर, सेंटरिंगवाला, वायरमन यांच्यापर्यंत ही साखळी पोहोचते. आमच्या समाजातील हजारो तरुण याच धंद्यांत आहेत. त्यांच्याकडे तारण नाही, सावकाराशिवाय आधार नाही, आणि सावकाराचे व्याज म्हणजे धंदाही गेला आणि बरकतही गेली. बीजक फाडले की जीएसटी मात्र भरावाच लागतो, हातात पैसे येवोत अथवा न येवोत.

परदेशातील एक दाखला बोलका आहे. जुलै २००९ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा सरकारने देणेकऱ्यांना पैशांऐवजी चिठ्ठ्या दिल्या. आपल्याकडील मुदती हुंडीसारखाच हा प्रकार. सुमारे साडेचार लाख चिठ्ठ्या, किंमत २६० कोटी डॉलर. मोठ्या बँकांनी काही दिवसांतच त्या घेणे थांबविले आणि छोट्या पुरवठादारांचे हाल झाले. तरी त्या चिठ्ठीवर रक्कम होती, २ ऑक्टोबर ही तारीख होती, आणि सरकारने सप्टेंबरमध्येच पैसे देण्यास सुरुवात केली. आपल्या कंत्राटदाराच्या हाती तेवढी चिठ्ठीही नसते. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, हा कुरआन शरीफचा हुकूम आहे. सरकारने निदान थकीत बिलांची खातेवार यादी आणि ती चुकविण्याच्या तारखा जाहीर कराव्यात, ही मागणी सर्व व्यापारी संघटनांनी एकमुखाने केली पाहिजे.

तोवर आपण काय करावे? प्रथम, तोंडी काम घेऊ नये. कंत्राटदार ओळखीचा असला, नात्यातला असला तरी कामाचा आदेश, दर आणि पैसे देण्याची तारीख कागदावर घ्यावी. माल पोहोचल्याची सही घ्यावी.

दुसरे, कारागिरांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे, आणि काम हाती घेण्याआधीच केलेली बरी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. कायद्यात थकबाकीवर व्याजाचीही तरतूद आहे. ज्यांना व्याज घ्यायचे नाही त्यांनी मुद्दल मागावे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र या कलमाचे संरक्षण नाही, म्हणून त्याने उधारीची मर्यादा अधिक कडक ठेवावी.

तिसरे, एकाच सरकारी कामावर सगळे भांडवल लावू नये. सरकारी कामात गुंतलेली रक्कम सहा महिने आली नाही तरी कारागिरांचा पगार आणि घरखर्च चालेल, इतकेच काम घ्यावे. मोठ्या कामाचा मोह सुटत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्या मजुराने घाम गाळला त्याची मजुरी घाम सुकण्याआधी देण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. वरून पैसे आले नाहीत, हे कारण त्याच्या चुलीला पुरत नाही.